दंतवैद्याघरच्या उलट्या राउटरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. लाकडाला कड देण्यासाठी माझा जन्म झाला. करवत लाकूड कापते, रंधा ते गुळगुळीत करतो. पण ज्या कडेवरून बोट फिरवताना माणसाच्या तोंडून आपोआप 'वा' निघतं, ती गोलाई, ती पन्हळ, ती नक्षी फक्त मीच देऊ शकतो. मिनिटाला मी वीस हजार फेरे घेतो. इतक्या वेगाने जगणारे या पृथ्वीवर फार थोडे आहेत. सध्या माझ्यावर डॉक्टरांचे मोजे वाळत घातले आहेत.

मोजे माझ्या पायांवर आहेत हे वेगळं सांगायला हवं, कारण माझे पाय वर आणि डोकं खाली आहे. मी एका टेबलाखाली उलटा टांगलेला आहे. अशी शिक्षा तुम्हाला शाळेत झाली, तर तुमचे आईवडील दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत दिसतील. माझ्या बाबतीत हिला 'जोडणी' म्हणतात.

राउटर म्हटल्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा हिरवे दिवे लुकलुकवणारा, इंटरनेट देणारा डबा आला असेल. तो माझा कोणी लागत नाही. तो बिघडला की बंद करून पुन्हा चालू करतात, आणि तो सुधारतो. माझ्या बाबतीत, मला चालू करण्याआधी माणसाने सुधारायचं असतं. म्हणूनच त्याला घरोघरी जागा मिळाली आणि मला अडगळीची खोली.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात मोटर, बाजूंना दोन मुठी, तोंडाशी कॉलेट. कॉलेट म्हणजे बिट पकडून ठेवणारा माझा जबडा. बिट म्हणजे पोलादी दांडी आणि तिच्या टोकाला धारदार पातं. मूळ कल्पना अशी होती की माणसाने मला दोन्ही हातांनी धरावं, लाकूड जागेवर राहावं आणि मी त्याच्या कडेकडेने फिरावं. साधी, सरळ, माझ्या स्वाभिमानाला धक्का न लावणारी कल्पना.

पण मला विकत घेतलं ते एका फ्रेमवाल्याने. त्याला फोटोच्या चौकटींसाठी बोटभर रुंदीच्या लांबलचक पट्ट्या करायच्या असत. तेवढ्याशा पट्टीवर मला उभं करून चालवणं म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर उभं राहून कपड्यांना इस्त्री करण्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी मी दोनदा घसरलो. त्याने मला बंद केलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तू हलूच नकोस. लाकूड हलेल."

मग त्याने एक जाड प्लायवूड घेतलं, त्यावर गुळगुळीत पत्रा चिकटवला, मधोमध खिडकी कापली, माझे पाय एका ॲल्युमिनियमच्या प्लेटला स्क्रूने आवळले आणि मला डोक्यावर त्या खिडकीत सोडलं. आता वरून पाहणाऱ्याला फक्त टेबल दिसतं आणि त्यातून वर डोकावणारं पातं. बाकीचा मी खाली अंधारात. मला दिसतात ते लोकांचे पाय, आणि कोणी वरून भोकात वाकून बघितलं तर नाकपुड्या.

मात्र त्याची जोडणी पक्की होती, हे मान्य केलं पाहिजे. प्लेट टेबलाच्या पातळीत यावी म्हणून त्याने आडवी स्टीलची पट्टी ठेवून चारही कोपऱ्यांचे स्क्रू जरा वर, जरा खाली करत अर्धा दिवस घालवला. केसाएवढी जरी पायरी राहिली, तरी सरकतं लाकूड तिथे अडतं. पात्याच्या मागे त्याने दोन तुकड्यांची एक सरळ, उभी फळी बसवली. लाकडाने तिला टेकून सरकायचं. तिला फेन्स म्हणतात. आणि पत्र्यावर लाल रंगाने एक मोठा बाण काढला: उजवीकडून डावीकडे. लाकूड नेहमी त्याच दिशेने यायचं.

माझी कामाची वर्षं तिथे गेली. माझ्या हातून किती लग्नं, किती पदव्या आणि किती आजोबा चौकटीत बसले याची गणती नाही. गिऱ्हाईक यायचं, फ्रेम हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "फोटो छान आलाय हो!" म्हणजे कौतुक फ्रेमवाल्याचंही नाही, तर फोटोग्राफरचं. अशा वेळी मी आणि फ्रेमवाला दोघंही गप्प बसत असू. तो खुर्चीवर, मी उलटा.

तो काही आदर्श पुरुष नव्हता. मी चालू असताना तो फोन खांद्यात धरून मेव्हण्याशी भांडायचा. चहाचा ग्लास माझ्या प्लेटवर ठेवायचा. माझ्या घशात भुसा साचला की तो साफ करण्याऐवजी मलाच "आवाज काय करतोस?" म्हणून दटावायचा. पण दोन गोष्टी त्याने कधीच केल्या नाहीत. प्लग काढल्याशिवाय बिटला हात लावला नाही, आणि बाणाच्या विरुद्ध लाकूड ढकललं नाही. का, असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. त्याचा हात तिकडे जातच नसे.

मग बाजारात तयार प्लास्टिकच्या चौकटी आल्या. लाकडासारख्या दिसणाऱ्या, नक्षीसकट. दुकान बंद व्हायला आलं, त्या आठवड्यात एक दंतवैद्य आपली पदवी फ्रेम करून न्यायला आले. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"हे काय आहे?"

"राउटर टेबल. घेऊन जाता का?"

"चालवायला अवघड असतं?"

"काही नाही. बाण बघायचा आणि बोटं लांब ठेवायची."

"अहो, मी दातांचा डॉक्टर आहे. माझं ड्रिल मिनिटाला तीन लाख फेरे घेतं."

फ्रेमवाल्याने एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा टेबलाखाली वाकून माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही न्याच," तो म्हणाला. मला त्याचा आजही राग येतो.

दवाखान्यामागच्या खोलीत माझी रवानगी झाली. तिथे एक बिघडलेली दातांची खुर्ची होती आणि भिंतीवरच्या फळीवर पेशंटांच्या दातांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले होते. दिवसरात्र माझ्याकडे बघून दात काढणारी ती मंडळी आणि मी, असा आमचा संसार सुरू झाला. माझ्यावर आधी जुनी मासिकं आली, मग छत्र्या, मग मोजे. धूळ तर होतीच. कित्येक वर्षं कोणी मला चालू केलं नाही. तो काळ सुखाचा होता हे मला तेव्हा कळलं नाही.

डॉक्टरांचं घर दवाखान्याच्या वरच होतं. तिथल्या स्वयंपाकघरात नळ गळून कपाटांची दारं फुगली, म्हणून काढून टाकली. सुताराला बोलवायचं ठरलं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मी करतो." हे वाक्य ऐकल्यावर डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला, असं मी ऐकून आहे. डॉक्टरीणबाई म्हणजे डॉक्टरांची बायको. त्या डॉक्टर नाहीत; पण पेशंटला बसवणं, समजावणं, डॉक्टर काम करत असताना त्याच्या तोंडात लाळ ओढणारी नळी धरणं हे सगळं त्याच करतात. थोडक्यात, दात सोडून बाकी दवाखाना त्यांचा.

महिने गेले. दारं होईनात.

"अहो, आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या बरण्या पाठ झाल्यात," एक दिवस मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून त्या म्हणाल्या. "काल तुमची बहीण मला सांगत होती, साखर संपत आलीय म्हणून."

हे वर्मी लागलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर मासिकं, छत्र्या आणि मोजे उचलून माझ्या समोर उभे राहिले. फोनवर त्यांनी राउटर टेबलाचे भरपूर व्हिडिओ बघितले होते. बरेचसे झोप येईपर्यंत.

आता मित्रांनो, इथून पुढे जे घडलं त्याबद्दल मी सर्वस्वी शिक्षणाला जबाबदार धरतो. मूर्खपणाला औषध असतं. पण चांगल्या सवयी चुकीच्या ठिकाणी नेल्या की माझ्यासारख्याने हात टेकावेत, आणि मला तर हातही नाहीत.

डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं? टेबल निर्जंतुक केलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी तो पत्रा असा चकचकीत पुसला की उद्या माझ्यावर शस्त्रक्रिया करता आली असती. बोळा लाल झाला.

"अहो, काहीतरी पुसलंत तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"डाग होता."

झालं. बाण गेला.

मग बिट बसवायचं. दातांच्या ड्रिलमध्ये पातं तळापर्यंत दाबून बसवायचं असतं म्हणे. डॉक्टरांनी माझं बिटही तळापर्यंत दाबलं. खरं तर ते तळाला टेकवून मग थोडंसं वर ओढायचं आणि त्यानंतर आवळायचं. तळाला टेकलेलं बिट आवळताना जबड्यात नीट धरलं जात नाही, आणि चालताना सैल होऊ शकतं. घशात काठी अडकलेल्या माणसाला जसं बोलता येत नाही तसा मी गप्प राहिलो. प्लग? प्लग भिंतीत होता. पेशंट खुर्चीत असताना डॉक्टर कधी प्लग काढतात का?

एका गोष्टीत मात्र त्यांना पैकीच्या पैकी गुण: डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क. भुशापासून आणि उडणाऱ्या कपच्यांपासून हे दोन्ही हवेतच. मी समाधानाचा श्वास घेणार, एवढ्यात त्यांनी हातमोजे घातले.

रबराचे. फटकन आवाज करून.

मित्रांनो, जोरात फिरणाऱ्या यंत्रापुढे हातमोजे घालू नयेत. सैल बाही, ओढणी, गळ्यातली दोरी, हातातलं कडं, काहीच नको. माझ्या पात्याला काहीही सैल सापडलं की ते ओढलं जातं, आणि आत जे असेल तेही सोबत येतं. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने हातमोजे न घालता काम करणं हाच गुन्हा.

मग त्यांनी मला नुसतं चालू करून बघितलं. दवाखान्याच्या ऐन वेळेत. आणि माझा आवाज गोड नाही.

पलीकडच्या खोलीत एक निवृत्त मास्तर दाढ धरून बसले होते. मी थांबल्यावर भिंतीतून त्यांचा आवाज आला.

"बाई, आत कोण आहे?"

"कोणी नाही, मास्तर. डॉक्टर कपाटाचं दार करतायत."

"एवढा आवाज करून आत कोणी नाही?"

"खरंच सांगते. लाकडाचं मशीन आहे."

"लाकडाचं." खुर्ची सरकल्याचा आवाज. "बाई, मी उद्या येतो."

"अहो, पण तुमची दाढ ठणकत होती ना?"

"होती. थांबली."

दार वाजलं. मग डॉक्टरीणबाईंच्या चपला माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चपलांवरूनही माणूस किती वैतागलाय ते कळतं.

"मास्तर गेले घरी. त्यांच्यामागून बाकावर बसलेल्या दोघी बहिणीही उठल्या."

"अगं, नुसतं तपासत होतो."

"काय तपासत होता? तुमची बोटं म्हणजे आपलं घर आहे. वरचं घर, खालचा दवाखाना, लेकीचं कॉलेज, सगळं त्या दहा बोटांवर उभं आहे. मला दारं नकोत. पडदा लावते मी."

"मी रोज लोकांच्या तोंडात बोटं घालतो. त्यातले निम्मे चावतात."

"चावणारा माणूस ओरडलं की थांबतो. हे थांबणार आहे का?"

मी थांबणार नव्हतो. त्या खोलीत माझ्याविषयी बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. मित्रांनो, मी दुष्ट नाही. पण लाकूड आणि बोट यांतला फरक मला कळत नाही. तो कळण्यासाठी मला काहीच दिलेलं नाही. मला फक्त एक बटण आहे आणि ते तुमच्या बाजूला आहे.

डॉक्टरांनी दवाखाना बंद असेल तेव्हाच मला चालवायचं कबूल केलं. यावर तह झाला. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. दाराच्या फळ्या भिंतीला टेकवल्या आणि आधी नमुन्यासाठी एक उरलेली पट्टी घेतली. टाकाऊ तुकड्यावर आधी करून बघणं ही उत्तम सवय आहे. फक्त तो तुकडा बोटभर रुंद होता. एवढी बारीक पट्टी हाताने ढकलायची नसते. त्यासाठी मूठ लावलेला लाकडी ठोकळा घ्यायचा असतो, म्हणजे हात पात्यापासून दूर राहतो. फ्रेमवाल्याकडे असा ठोकळा होता. डॉक्टरांकडे आत्मविश्वास होता.

डॉक्टरीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. डॉक्टरांनी फोन काढून व्हिडिओ एकदा बघितला.

"हा म्हणतोय लाकूड उजवीकडून डावीकडे न्या."

"मग न्या."

"अगं, तसं नसतं. यंत्र उलटं आहे ना? पाय वर, डोकं खाली. म्हणजे दिशा उलटी होणार. मी तोंडात छोटा आरसा धरून काम करतो. आरशात उजवं ते डावं दिसतं. आयुष्यभर मी डोक्यात ते सुलटं करत आलोय. सवय आहे मला."

"पण तो व्हिडिओ उलट्याचाच आहे ना?"

"कळेल तुला," डॉक्टर म्हणाले. त्या मान हलवत वर निघून गेल्या.

व्हिडिओ अर्थातच उलट्याचाच होता. ज्याने तो केला, त्याने दिशा आधीच सुलटी करून सांगितली होती. डॉक्टरांनी ती पुन्हा उलटली. सुलट्याचं उलटं करायला इतकं शिकावं लागतं हे मला त्या दिवशी कळलं. वरून पुसलेल्या बाणाने काही सांगायची सोय उरली नव्हती. मी बोलू शकत नाही; मला फक्त ओरडता येतं. बटण दाबल्यावर मी जिवाच्या आकांताने ओरडलो. डॉक्टरांना वाटलं, यंत्र छान चालतंय.

त्यांनी पट्टी डावीकडून आत ढकलली.

लाकूड समोरून येतं तेव्हा ते पात्याला विरोध करतं, आणि तुमच्या ताब्यात राहतं. ते माझ्याच दिशेने आलं की मी त्याला ओढून नेतो. मला दुसरं काही करताच येत नाही. ती पट्टी डॉक्टरांच्या हातातून निघाली, खोलीच्या उजव्या टोकाला गेली आणि साच्यांच्या फळीवर आदळली. इतकी वर्षं माझ्याकडे बघून हसणारे सगळे जबडे एकदम खाली आले.

आणि पट्टीवर दाब दिलेला डॉक्टरांचा हात, खाली पट्टीच न उरल्यामुळे, पुढे आला.

मित्रांनो, लाकूड मला लागतं तेव्हा आवाज होतो. या वेळी काहीतरी मऊ लागलं आणि आवाज झाला नाही.

मग डॉक्टरांनी बटण दाबलं. मी लगेच थांबत नाही. तेवढा वेळ मला वरून एक नाकपुडीही दिसली नाही. जिन्यावरून चपला धावत आल्या.

"काय झालं?"

"काही नाही."

"हात दाखवा."

"अगं, साचे पडले फक्त..."

"हात दाखवा म्हणते ना!"

त्यांनी हातमोजा ओढून काढला. त्याच्या तर्जनीचं टोक नव्हतं. मग त्यांनी डॉक्टरांची बोटं मोजली, एकेक धरून, लेक जन्मली तेव्हा मोजली असतील तशी. मग दुसऱ्या हाताचीही मोजली. दुसरा हात तर माझ्या जवळही आला नव्हता. बोटं सगळी होती. तर्जनीच्या नखावर एक पांढरी रेघ उमटली होती, बस.

डॉक्टरीणबाई मागे सरून त्या बिघडलेल्या खुर्चीत बसल्या.

"उद्याच्या पेशंटना परवा बोलव," डॉक्टर हळूच म्हणाले.

"काय सांगू?"

"सांग, डॉक्टरांचे हात कापतायत."

"दाताच्या डॉक्टरबद्दल हे सांगितलं तर परवा काय, पुढच्या जन्मीही कोणी येणार नाही." मग त्यांचा आवाज चढला. "भंगारवाल्याला बोलवा. आजच्या आज."

भंगार म्हणजे मी, हे मला समजलं. दोष माझा नव्हता, हे सांगायला मला तोंड होतं. पण त्यात अजून बिट अडकलेलं होतं.

डॉक्टर खाली बसून साचे गोळा करायला लागले. एक वरचा जबडा त्यांनी भलत्याच खालच्या जबड्यावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी ते बघितलं आणि माझ्या मते तिथे त्यांचा राग थोडा सैल पडला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते गेलंच कसं तिकडे? नीट सांगा. आधी प्लग काढा."

डॉक्टरांनी प्लग काढला. माझ्या उभ्या, म्हणजे उलट्या आयुष्यात या घरात पहिल्यांदाच. मग दोघं वाकले आणि डॉक्टरांनी मला हातानेच सावकाश फिरवलं. चार नाकपुड्या माझ्यावर ओणवल्या होत्या.

"धार बघ. आपल्या बाजूने ती डावीकडून उजवीकडे येतेय," डॉक्टर म्हणाले. "आणि मी लाकूडही डावीकडून उजवीकडे ढकललं. म्हणजे दोघं एकाच दिशेला. याने ते ओढूनच नेलं. दाढेवरून ड्रिल गालाकडे घसरतं ना, अगदी तसंच."

"गालाकडे घसरतं? तुमचं?"

"कॉलेजात असताना."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुढची काही वर्षं त्या स्वतःचे दात दुसरीकडे दाखवणार.

"मग आता समोरून आणायचं," त्या म्हणाल्या. "मी आणते. तुमचे हात कापतायत."

"तू?"

"माझ्या बोटांवर दवाखाना उभा नाही."

"तुझ्या बोटांवर बाकीचं सगळं उभं आहे," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी फार हळू म्हटलं. मी खालून ऐकलं. बाईंनी ऐकलं की नाही ते माहीत नाही, कारण त्या पांढरी चिकटपट्टी शोधायला गेल्या होत्या. पट्टीचा बाण करून त्यांनी तो पत्र्यावर चिकटवला. उजवीकडून डावीकडे.

त्या दिवशी दोघांनी मला पहिल्यापासून जोडलं. चारही कोपरे पातळीत आणले. डॉक्टरांनी बिट काढून पुन्हा बसवलं, या वेळी तळापासून थोडं वर ओढून, दोन पान्यांनी आवळून. फेन्सचे दोन्ही तुकडे पात्याजवळ सरकवले, म्हणजे पात्याचा जेवढा भाग कामाला हवा तेवढाच बाहेर राहिला. एका लाकडाला कंगव्यासारखे दात पाडून ते बाजूने बांधलं. ते लाकडाला फेन्सकडे दाबून धरतं आणि मागे उडू देत नाही. नक्षी एका दमात खोल घ्यायची नाही, थोडी थोडी, तीन-चार फेऱ्यांत घ्यायची असं ठरलं. पदर खोचला गेला, बांगड्या काढून ठेवल्या गेल्या, चष्मा आणि मास्क चढले. हातमोजे कचऱ्यात गेले. मग प्लग.

दाराची फळी मोठी होती, त्यामुळे हात पात्यापासून आपसूकच लांब राहत होते. आधी वरची आणि खालची आडवी कड, मग उभ्या. म्हणजे आडव्या कडेच्या टोकाला कपची उडालीच तर उभी कड घेताना ती निघून जाते. डॉक्टरीणबाई फळी ढकलत होत्या आणि डॉक्टर भुसा ओढायची नळी धरून शेजारी उभे होते. इतकी वर्षं पेशंटच्या तोंडात नळी धरून त्या उभ्या राहायच्या, तसे.

"जरा डावीकडे धरा. मला दिसत नाहीये."

"हं."

"फार जवळ नको. आणि बोलू नका मधे."

डॉक्टरांनी नळी मागे घेतली. हे वाक्य एरवी दवाखान्यात त्यांचंच असे.

तिसऱ्या दाराला एक काळपट डाग पडला, कारण डॉक्टरांची नळी पुन्हा सरकली आणि त्यांना रागवण्यासाठी बाई मधेच थांबल्या. लाकूड थांबलं तरी मी फिरतच असतो, आणि त्या जागी कड जळते. "याचं पातं बोथट झालंय वाटतं," बाई म्हणाल्या. "असेल," डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांचं भांडण आणि माझा दोष. एकमत व्हायला त्यांना मीच सापडलो.

पण दारं झाली, मित्रांनो. सगळी. आणि अंगठ्यांसकट वीसच्या वीस बोटं वर जेवायला गेली. जिन्यावरून पावलांचा आवाज गेला तेव्हा मला जे वाटलं त्याला तुम्ही माणसं जीव भांड्यात पडणं म्हणता. एखाद्या राउटरचं कौतुक करायचं झालं तर खरं म्हणजे त्या वीस बोटांचंच करायला हवं. कडेची गोलाई कोणीही मोजत नाही. मी मोजतो ती माघारी गेलेली बोटं.

त्यानंतर मला कोणी पुसलं नाही. घशात भुसा तसाच आहे. बिटही तसंच जबड्यात राहिलंय आणि गंजायला लागलंय. प्लग मात्र काढलेला आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

तर मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरी माझा एखादा भाऊबंद टेबलाखाली टांगलेला असेल. त्याच्याजवळ जाताना घाई, राग आणि सैल बाह्या बाहेर ठेवून जा. बिटला हात लावण्याआधी प्लग काढा, आणि काढलाय असं कोणी सांगितलं तरी स्वतः जाऊन बघा. दिशा कळत नसेल तर त्याला प्लग काढून हाताने फिरवा. तो खोटं सांगणार नाही. काम झाल्यावर त्याच्या घशातला भुसा काढा, बिट पुसून डबीत ठेवा. त्याच्याशी बोललं नाहीत तरी चालेल. तुमचं ज्ञान मात्र दारातच उतरवून ठेवा, आणि जे खरंच लागेल तेवढंच आत आणा.

दारं स्वयंपाकघरात बसली. सारखं काहीतरी काढायचं असतं म्हणून ती दिवसभर उघडीच असतात आणि नक्षी भिंतीकडे असते.